टर्कीबरोबर काय वाढायचं?

मेट्रन पहिल्यांदा आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांनी नाव सांगितलं नाही, आत येऊ का असंही विचारलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून एकच प्रश्न केला, "तुमच्या घरात अंडं शिजतं का?"

पुण्यात हा प्रश्न घरमालक विचारतात आणि उत्तर चुकलं तर घर मिळत नाही. आमचं घर तर स्वतःचं होतं. हडपसरच्या एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नुकतंच घेतलेलं. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "नाही. का?"

"मटण, मासे?"

"नाही हो. आम्ही शाकाहारी आहोत."

"उत्तम. मग नाताळच्या दिवशी सकाळी तुमचा गॅस मला लागेल. मी तळमजल्यावरची. सुशीला उजागरे. टर्की करतेय."

"टर्की? आमच्या घरात?"

"अगं, टर्की बेकरीत भाजणार. इथे फक्त भाज्या." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुझं हिमोग्लोबिन कमी दिसतंय. पालक खात जा." आणि जिना उतरून गेल्या.

इमारतीत त्यांना नावाने कोणीच हाक मारत नसे. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्तीनंतर आमची इमारत हाच त्यांचा वॉर्ड होता. बुटक्या, सडसडीत, कडक इस्त्रीची फिकट साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. डाव्या खांद्याशी पिनेने लावलेलं नर्सचं उलटं घड्याळ. रोज सकाळी त्या तिन्ही मजले चढून यायच्या. त्याला त्या 'राउंड' म्हणत. कोणाच्या घरी बसायच्या नाहीत. उभ्या उभ्या विचारायच्या, उभ्या उभ्या निघायच्या. कोणी "बरं आहे" म्हटलं की त्यांचं अजिबात समाधान होत नसे. "बरं आहे, छान आहे, ही पेशंटची उत्तरं. तोंड दाखव," असं म्हणून त्या सरळ खालची पापणी ओढून बघायच्या. सोसायटीचे चेअरमन गोखले काका सगळ्या इमारतीला नोटिसा लावून धाकात ठेवत, पण मेट्रनच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला की हातातला चिवड्याचा डबा सोफ्याखाली ढकलत.

त्या मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. नवरा आधीच वारलेला, मुलगी रूथ नाशिकला शाळेत शिक्षिका. नाताळात करंज्या, चकल्या, अनारसे असा फराळ त्या आधीपासूनच इमारतभर वाटत. टर्की त्यांच्याही घराण्यात कधी शिजली नव्हती. ती आली बाळासाहेबांमुळे.

बाळासाहेब सोलापूर रस्त्यावरच्या एका गावचे शेतकरी. त्यांची म्हातारी आई पडली, खुबा मोडला आणि अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा झाल्या. कोणाच्या तरी ओळखीने मेट्रन तिथे जाऊ लागल्या. बसने जायच्या, ड्रेसिंग करायच्या, बसने परत. जखमा भरल्या तशी त्यांनी म्हातारीला उभं करायला घेतलं. म्हातारी घाबरायची, लाजायची, सुनेच्या आधाराने चालणं तिला कमीपणाचं वाटायचं. मेट्रन तिला म्हणाल्या, "आजी, स्वतःचा पाय चालत नाही ना? मग दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि चालायचं. लाज कसली त्यात?" पुढे म्हातारी काठी घेऊन गोठ्यापर्यंत जाऊ लागली, आणखी काही वर्षं सुखाने जगली.

बाळासाहेबांच्या मुलाने त्या काळात इमू पाळले होते. इमूंचा धंदा सगळीकडे बुडाला तसा त्यांचाही बुडाला, म्हणून त्याने टर्की आणल्या. आम्ही राहायला येण्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरात बाळासाहेब एक जिवंत, फुगलेली, तांबड्या गळ्याची टर्की घेऊन आमच्या पार्किंगमध्ये उतरले. मेट्रनबाईंचा सण आहे, एवढंच त्यांना माहीत होतं. ही हकिकत मला गोखले काकांनी सांगितली. टर्की तिथल्याच एका स्कूटरच्या हँडलला बांधलेली आणि घशातून गुळण्या केल्यासारखी ओरडतेय. काका खाली आले, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मेट्रनना म्हणाले, "नवीन सभासद का? मग शेअर सर्टिफिकेटचं बघायला हवं."

त्या नाताळात मेट्रननी टर्की भाजली. घरातल्या ओव्हनमध्ये ती मावणं शक्यच नव्हतं, म्हणून मोठ्या परातीत घालून, चादरीत गुंडाळून, रिक्षाने कॅम्पातल्या एका बेकरीत नेली आणि पावांच्या भट्टीत भाजून आणली. जेवायला रूथ होती, घरी जाऊ न शकलेल्या केरळच्या दोन तरुण नर्सा होत्या, गोखले काका होते, कारण ते घराबाहेर सगळं खातात. आणि बाळासाहेब होते. बरोबर भाज्या होत्या त्या मेट्रननी नर्सिंग शिकताना होस्टेलच्या मेसमध्ये पाहिलेल्या, उकडलेलं गाजर, उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी.

बाळासाहेबांनी ताटाला हात लावला नाही. "आज उपास हाय," म्हणाले आणि पाणी पिऊन उठले.

मेट्रननी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. त्या दिवशी कसलाच उपास नव्हता. त्या त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "बाळासाहेब, खरं सांगा."

बाळासाहेबांनी शर्टाच्या गुंड्यांमधून तुळशीची माळ बाहेर काढून दाखवली. "आई बरी झाली तवा घातली. टर्क्या हा पोराचा धंदा. मी न्हाय खात. अन् जिथं ते शिजतं तिथलं बी चालत न्हाय. तुमचा अपमान व्हईल म्हनून बोललो न्हाय."

हे मला मेट्रननीच पुढे सांगितलं. मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण माळेचं नाही. लपवल्याचं," त्या म्हणाल्या. "पथ्य हे पथ्य. डायबेटिसच्या पेशंटने बासुंदी नको म्हटलं तर मी रुसते का? पण पथ्य लपवलं की केस बिघडते. आणि दुसरं म्हणजे ज्याने टर्की आणली तोच माणूस माझ्या टेबलावरून उपाशी गेला. हे मला चालणार नाही."

म्हणून त्या आमच्या दारात आल्या होत्या.

तेव्हापासून दिवाळी संपली की दर रविवारी मेट्रन भाज्यांची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर येऊ लागल्या. प्रश्न एकच असायचा, टर्कीबरोबर काय वाढायचं? सोपा उपाय होता. बाळासाहेबांना पुरणपोळी, मटकीची उसळ, काय हवं ते वेगळं करायचं. मी तो सुचवलाही. मेट्रननी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दोन पेशंटना एकच थर्मामीटर न धुता लावायला सांगितला.

"वेगळं ताट आयसोलेशन वॉर्डमध्ये असतं," त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलावर नाही. भाज्या सगळ्यांना त्याच. टर्की खाणाऱ्याला टर्कीबरोबर चालली पाहिजे, बाळासाहेबांना भाकरीबरोबर. अशी भाजी शोधायची."

आता टर्की मी कधी खाल्लेली नाही, खाणारही नाही. तिची चव मला मेट्रननीच शब्दांत शिकवली. कोंबडीपेक्षा कोरडी, सौम्य, जरा चिवट, घासाला पाणी लागतं. म्हणजे बरोबर काहीतरी आंबट हवं, काहीतरी ओलसर हवं, काहीतरी दाताखाली लागणारं हवं. आणि मसाला फार नको, नाहीतर भट्टीत अख्खी सकाळ घालवलेल्या टर्कीचं नावही राहत नाही. 

पहिल्या रविवारी बीट झालं. मेट्रननी ते टर्कीच्या जागी ठेवलेल्या उकडलेल्या बटाट्याशेजारी वाढलं, लांबून पाहिलं आणि पातेलं उचललं. "ऑपरेशननंतरचं दिसतंय. कॅन्सल." अख्खा फ्लॉवर भाजला तर म्हणाल्या, "हेड इंजुरी." पावट्याची उसळ चवीला फार सुंदर झाली, पण तिच्यापुढे कोणी टर्कीकडे बघितलंच नसतं. भरली वांगी तर त्यांनी करूच दिली नाहीत. "ती स्वतःच मुख्य पाहुणी असतात. दुसऱ्याच्या लग्नात मिरवतात."

मला ही सगळी खटपट आधी गमतीची वाटायची. हळूहळू मीही त्यात ओढली गेले. ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या मनात यायचं, घेवड्याला तीळकूट लावलं तर? एका रविवारी मी बाजारातून आंबट चुका आणला होता, आमच्या घरच्या साध्या भाजीसाठी. मेट्रननी त्याचं पान तोडून चावलं. डोळे मिटले.

"हे काय आहे ते माहितेय का तुला?"

"चुका."

"टर्कीचं औषध," त्या म्हणाल्या.

त्यांनी चुका शिजवला, घोटला, त्यात गूळ, आल्याचा रस आणि शेवटी तुपातली लाल मिरची घातली. दाटसर, आंबटगोड. भाकरीबरोबर मी तो वाटी पुसून खाल्ला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बोलू नकोस," म्हणाल्या, "कळलं."

त्या वर्षी टेबलावर तो चुका होता, दह्यातलं लाल भोपळ्याचं भरीत होतं, तीळकूट लावलेला कोवळा घेवडा होता आणि सालीसकट भाजलेले बटाटे, वरून लसूणपात. सगळं आमच्या गॅसवर, आमच्या भांड्यांत झालं. वाढायच्या चमच्यांच्या दांड्यांना मेट्रननी हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती, म्हणजे ते टर्कीच्या परातीत जाऊ नयेत. टर्की टेबलाच्या एका टोकाला, बाळासाहेब दुसऱ्या टोकाला. मेट्रननी त्यांना सरळ सांगितलं, "भाज्या वरच्या घरातल्या. तिथे अंडंसुद्धा शिजत नाही. लसूण चालतो का?"

"एकादशी सोडून समदं चालतं," बाळासाहेब म्हणाले.

त्यांनी भाकरी मोडली, चुक्यात बुडवली, खाल्ली. जरा वेळाने वाटी पुढे सरकवली. मग पुन्हा एकदा सरकवली. केरळच्या नर्सा टर्कीवर तोच चुका ओतून खात होत्या आणि आपसात मल्याळममध्ये काहीतरी भराभरा बोलत होत्या. गोखले काका म्हणाले, "टर्की वाईट नाही." पुण्यात याहून मोठी पावती नसते. पण मेट्रनचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या टेबलाच्या त्या टोकाला रिकामी होणारी वाटी बघत होत्या.

पुढच्या वर्षीपासून बाळासाहेब टर्की साफ करून डिकीत ठेवून आणू लागले आणि पुढच्या सीटवर स्वतःच्या शेतातल्या चुक्याच्या जुड्या.

अशी काही वर्षं गेली. मग साथीचा तो काळ आला, सगळे आपापल्या घरात बंद झाले, आणि मेट्रन तापाने पडल्या. हॉस्पिटलात राहून आल्या. आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. दम लागायचा. जिना चढणं बंद, म्हणजे राउंडही बंद. आता आम्हीच खाली जाऊन त्यांना तोंड दाखवायचो.

पावसाळा संपता संपता एक दिवस मी त्यांच्या दारावर थाप मारली तर घरभर जळल्याचा वास. गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलेलं आणि मेट्रन तिथेच, दोन हातांवर, खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेट्रन, तुम्हाला वास येत नाही?"

"नाही," त्या म्हणाल्या.

"आणि चव?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडीवर घडी घालत राहिल्या. "मीठ टाकलंय हे आठवतं, म्हणून ते खारट असणार असं धरून चालते," म्हणाल्या. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याचं दुखणं पापणीवरून ओळखणाऱ्या बाईने स्वतःचं आमच्यापासून महिनोन् महिने लपवलं होतं.

डिसेंबर आला तसा त्यांनी बाळासाहेबांना फोन करून सांगितलं, यंदा टर्की नको. दुसऱ्या दिवशी बाळासाहेब स्वतः आले. मी तिथेच होते. त्यांनी चप्पल काढली, खुर्चीत बसले आणि विचारलं, "का नको?"

"मला चव कळत नाही. ज्याला चव कळत नाही त्याने चार माणसं जेवायला बोलावू नयेत."

बाळासाहेब म्हणाले, "म्याट्रनबाई, आमची आई चालत नव्हती तवा तुम्ही तिला काय म्हनला हुता? दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा अन् चालायचं. मग आता दुसऱ्याच्या जिभंवर चाला की. लाज कसली त्यात?"

मेट्रननी खांद्यावरचं घड्याळ सरळ केलं, ते सरळच होतं.

"पण या वैशालीच्या घरी मला चढवत नाही," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "ती वर करेल, मी फोनवर सांगेन."

"वर कशाला? हितंच करा. तुमच्याच गॅसवर."

"बाळासाहेब, इथे मटण शिजतं."

"ठाव हाय मला."

"तुमची माळ आहे."

"हाय ना. ती कुठं जात न्हाय," बाळासाहेब म्हणाले. "भांडी घासलेली असत्यात न्हवं? मग झालं. इतकी वर्सं तुम्ही माझ्यापायी तीन मजले चढला. आता मी एक पायरी उतरतो."

मेट्रन उठून आत गेल्या आणि बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि हुकूम तयार होता. "रविवारी सकाळी ये. उशीर नको."

भांडी घासलेली असतात हे कबूल होऊनही त्यांनी बुधवार पेठेतल्या तुळशीबागेतून मला नवी पातेली आणि नवे डाव आणायला लावलेच. बाळासाहेब एक पायरी उतरायला तयार झाले, म्हणून मेट्रन आपल्या वाटची पायरी चढायच्या राहिल्या नाहीत.

त्या डिसेंबरातले रविवार मला आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त लक्षात आहेत. मेट्रन स्वयंपाकघरात स्टुलावर बसायच्या. हाताला सवय होती, मीठ-गूळ अंदाजाने पडायचं. मग मी घास घ्यायचा आणि गप्प उभं राहायचं. त्या माझ्याकडे टक लावून बघायच्या. "डावी भुवई वर गेली. आलं जास्त झालं." "गिळताना थांबलीस. मीठ कमी." एकदा मी त्यांना बरं वाटावं म्हणून हसले तर डाव आपटून म्हणाल्या, "खोटं नको. तुझ्या तोंडावर मी चाललेय." त्यानंतर मी कधी खोटं हसले नाही. आणि खरं सांगते, इतकं लक्ष देऊन माझ्या चेहऱ्याकडे त्याआधी कोणी बघितलं नव्हतं.

नाताळच्या दुपारी सगळे जमले. रूथ नाशिकहून आली होती. टर्की भट्टीतून आली, तांबूस, चकचकीत. भाज्या आल्या. कोणी वाढून घेईना, सगळे मेट्रनकडे बघत होते. त्या बाळासाहेबांकडे बघत होत्या. बाळासाहेबांनी मेट्रनच्या घरात, मेट्रनच्या गॅसवर शिजलेला चुका भाकरीवर घेतला आणि डोळे मिटून खाल्ला. मग त्यांच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली.

"गूळ कमी आहे," मेट्रन लगेच म्हणाल्या.

"न्हाय न्हाय, झ्याक हाय—"

"बाळासाहेब, पथ्य लपवायचं नाही."

"थोडा कमी हाय," बाळासाहेब लाजून म्हणाले.

सगळे हसले. रूथने गूळ आणला, मेट्रननी चुक्यात ढवळला, आणि सवयीने बोट बुडवून चाटलं. गेल्या अनेक महिन्यांत असं करून काही उपयोग झाला नव्हता, तरी हात थांबत नसे. या वेळी त्या बोट तोंडात ठेवून तशाच थांबल्या.

"काय झालं, आई?" रूथने विचारलं.

"कडेला," त्या म्हणाल्या. "जिभेच्या कडेला. काहीतरी टोचलं. आंबट."

"नक्की?"

मेट्रननी चमच्याने घेऊन पुन्हा खाल्लं. पुन्हा. "गोड नाही कळत अजून," त्या म्हणाल्या. "पण आंबट आहे. आहे!" आणि मग इतकी वर्षं ज्या नाताळच्या जेवणात उभ्या उभ्या वाढतच राहिल्या होत्या, त्या खुर्ची ओढून बाळासाहेबांच्या शेजारी बसल्या आणि एक वाटी चुका नुसता खाल्ला.

चव पूर्ण परत यायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. आधी आंबट आलं, मग खारट, गोड सगळ्यात शेवटी. दर नवी चव आली की त्या रूथला, बाळासाहेबांना आणि मला फोन करून कळवायच्या. "आज कारलं कळलं," असा एक फोन मला मीटिंगमध्ये आला होता. मी मीटिंगमध्येच टाळी वाजवली.

त्यानंतर आणखी दोन नाताळ हडपसरला झाले. मग गुडघे फारच दुखायला लागले आणि रूथने हट्ट धरला. मेट्रन नाशिकला राहायला गेल्या. रूथच्या शेजारच्या घरात एक जैन कुटुंब आहे, ते कांदा-लसूणही खात नाहीत, हे कळल्यावर त्या आठवडाभर आनंदात होत्या. नवीन केस मिळाली होती.

निघायच्या सकाळी आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. बाळासाहेब गावाहून आले होते, गोखले काका मफलर गुंडाळून उतरले होते. सामान चढलं, मेट्रन मागच्या सीटवर बसल्या, गाडी सुरू झाली. आणि दहा पावलांवर थांबली. दार उघडलं. रस्त्याच्या कडेला हातगाडीवर हिरव्यागार मटारचा ढीग होता. मेट्रन सीटवर बसूनच एक शेंग फोडून, दाणा चावून बघत होत्या. भाजीवाल्याने पिशवी भरून दिली. दार लागलं. गाडी वळणाला लागली तेव्हा मागच्या काचेतून त्या दिसल्या. मांडीवर पसरलेलं वर्तमानपत्र, मान खाली, दोन्ही हातांनी भराभरा मटार सोलणं चाललेलं. आम्ही सगळे हात हलवत होतो. त्यांचे हात मोकळे नव्हते.